ठाण्याहून वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला लोकलने: वर्षभराच्या वापरानंतर

वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये प्रदर्शन आहे म्हटलं की ठाण्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पार्किंगचं काय?" मी गेलं वर्षभर तिथे सारखी जाते. कधी आमचा फराळाचा आणि चटण्यांचा स्टॉल असतो, कधी नुसतंच पॅकिंगची मशिनं आणि बरण्या बघायला जाते. पहिल्या दिवशीचा टेम्पो सोडला तर बहुतेक वेळा लोकलने. माझं मत आधीच सांगते: ठाणेकरांना ट्रेनने जायला एवढी सोयीची मोठ्या प्रदर्शनाची जागा दुसरी नाही. गोरेगावला नेस्कोला जायचं तर दादरला गाडी बदला. बीकेसी म्हणजे कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. वाशीला मात्र ठाण्यात बसायचं, अर्ध्या तासाने उतरायचं आणि चालू लागायचं. तरी लोक गाडी काढतात आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकून पडतात. पावसाळ्यात तिथे पाणी साचलं की कळव्यापर्यंत रांग लागते, हे कळवा-विटाव्याकडच्या कुणालाही विचारा.

वाशी ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्या मार्गाला तुर्भ्यानंतर दोन फाटे फुटतात, हे रोज न जाणाऱ्याच्या लक्षात नसतं. ठाण्याहून सुटणारी गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. तिथून वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, आणि नेरुळची किंवा पनवेलची गाडी जुईनगरकडे जाते. म्हणून ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उभं राहिलात की इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचा. या मार्गावर फास्ट-स्लोची भानगड नाही, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. बघायचं ते एवढंच.

आता वाशीची गाडी नसेल तर काय करायचं? सकाळ-संध्याकाळ गाड्या बऱ्या असतात, पण दुपारी वाशीच्या दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. अशा वेळी मी पनवेलची गाडी सोडत नाही. तुर्भ्याला उतरून मागच्या वाशी गाडीची वाट बघता येते, पण मला जुईनगर बरं पडतं. जुईनगरला हार्बरची, म्हणजे पनवेलहून मुंबईत सीएसएमटीकडे जाणारी लोकल मिळते आणि तिथून सानपाडा, मग वाशी, म्हणजे दुसरंच स्टेशन. हार्बरला गाड्या जास्त, त्यामुळे ताटकळावं लागत नाही. हातात सामान असेल तर मात्र हा उद्योग करू नका, प्लॅटफॉर्म बदलावा लागतो. सामान असेल तर ठाण्यालाच थांबून वाशीची गाडी धरा.

गर्दीचं गणित या मार्गावर वेगळं आहे आणि ते आपल्या फायद्याचं आहे. सकाळी नऊ-साडेनऊला ठाण्याहून निघालात तर डबा खच्चून भरलेला असतो, कारण ऐरोलीच्या आयटी पार्कचे, रबाळे एमआयडीसीचे आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या ऑफिसांचे लोक त्याच गाडीत असतात. ऐरोलीला पहिला लोंढा उतरतो, घणसोलीला दुसरा. कोपरखैरणे गेलं की बसायला जागा मिळते आणि तुर्भ्यापर्यंत डब्यात वारा खेळायला लागतो. म्हणजे हाल होतात ते पहिली दहा-पंधरा मिनिटं. प्रदर्शन अकराला उघडत असेल आणि तुम्ही नुसते बघायला चालला असाल तर साडेदहानंतरची गाडी पकडा, आरामात जाल.

येताना तर अजून बरं. ठाण्याची गाडी वाशीहूनच सुटते. दिवसभर हॉलमध्ये उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा रिकाम्या गाडीत खिडकी मिळणं ही काय चीज आहे ते स्टॉल लावणाऱ्यालाच कळेल. पुढे कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली असं एकेक स्टेशन डबा भरत जातं, पण तोवर आपण आत बसलेले असतो. उतरायचंही शेवटच्या स्टेशनला, त्यामुळे दाराशी धडपडायला नको. ठाण्याला मात्र गाडी पुरती थांबायच्या आत लोक जागा धरायला आत उड्या मारतात. लोंढा ओसरेपर्यंत जागेवर बसून राहा. गाडी तिथूनच उलटी फिरते, लगेच सुटत नाही.

माझ्या सासूबाई सत्तरीपुढच्या आहेत, गुडघे दुखतात, पण प्रदर्शन म्हटलं की त्यांना यायचंच असतं. त्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा वाशीला गाडी लागताच त्या उठून दाराशी आल्या. मी म्हटलं, "आई, बसा जरा, गाडी इथवरच आहे." त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी सांगायचं नाही का? मी कोपरखैरण्यापासून पिशवी छातीशी धरून बसलेय." वयस्कर माणसाला हा मार्ग झेपतो तो यामुळेच. दोन्ही टोकांना शेवटचं स्टेशन, कुठे घाई नाही.

खरी दमणूक होते ती ठाणे स्टेशनवर. आम्ही पश्चिमेचे. टीएमटीची बस सॅटिसवर, म्हणजे स्टेशनसमोरच्या उंच बस-डेकवर सोडते, तिथून पूल चढायचा आणि एक नंबरपासून पार दहापर्यंत संध्याकाळच्या किंवा सकाळच्या गर्दीतून चालायचं. धडधाकट माणसाला काही वाटत नाही, पण गुडघेदुखीवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे सासूबाई बरोबर असल्या की आम्ही रिक्षा कोपरी पुलावरून पूर्वेला नेतो आणि पूर्वेकडून आत शिरतो. दहा नंबर त्याच बाजूला, सगळा पूल ओलांडावा लागत नाही. रिक्षाला चार पैसे जास्त जातात, पण त्या दिवसाचा अर्धा थकवा वाचतो. घरात कुणी वयस्कर असेल तर पूर्वेकडूनच जा.

वाशी स्टेशनबाहेरचा शेवटचा टप्पा सावकाश चाललं तर दहा-एक मिनिटांचा. सेंटर सेक्टर ३०ए मध्ये आहे, रघुलीला आणि इनॉर्बिट मॉल त्याच भागात. स्टेशनच्या इमारतीतून उतरण्याआधी कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते विचारून घ्या, कारण चुकीच्या बाजूला उतरलात तर उगाच वळसा पडतो. मोठं प्रदर्शन असलं की विचारावंही लागत नाही, पिशव्या आणि पत्रकं घेतलेली माणसं समोरून येत असतात. उन्हाळ्यात दुपारी एकला हे अंतर भाजून काढतं, पावसात छत्री वाऱ्याने उलटते. रिक्षा करायची तर मीटरने किमान भाडं होतं, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये. एवढ्या जवळ यायला काही जण का-कू करतात, काही जण मोठा आकडा सांगतात. मी शांतपणे पुढच्या रिक्षेकडे जाते. दोन-तीन विचारल्या की कुणीतरी मीटर टाकतोच.

स्टॉलवाल्यांसाठी आता थोडं सविस्तर. पहिल्या दिवशीचा माल टेम्पोनेच न्यायला हवा, त्याला पर्याय नाही. पण चार दिवसांच्या प्रदर्शनात रोज टेम्पो परवडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, काल काय खपलं ते बघून तेवढाच माल लोकलने नेतो. चिवडा, शेव, लसणाची चटणी पाकिटात असते, तिचं काही वाटत नाही. चकली मात्र सांभाळावी लागते. डब्यात तळाशी आणि प्रत्येक थरामध्ये कागद घालायचा, वर रिकामी जागा राहिली तर तीही कागदाने भरायची, म्हणजे गाडीच्या हिसक्याने चकली आत आपटत नाही. आणि डबा मांडीवर, वरच्या रॅकवर कधीच नाही. रॅकवर ठेवलात की कोपरखैरण्याला चढलेली एखादी ताई तिची भरलेली सॅक त्यावर सहज टाकते, आणि वाशीला तुमच्या हातात चकलीचा चुरा येतो. चुऱ्याला गिऱ्हाईक नसतं.

मोठं बोचकं असेल तर थेट मालडब्यात चढा. सकाळच्या लेडीज डब्यात दारात गाठोडं ठेवलं तर ऐरोलीला उतरणाऱ्या बायका बोलणारच, आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांना मस्टर गाठायचं असतं. मालडब्यात भाजीवाल्या, डबेवाले, फुलवाल्या असतात. तिथे सामानासकट माणसाला कुणी वर-खाली बघत नाही, उलट हात देऊन वर घेतात.

रात्रीचं परतणं हा स्टॉलवाल्या बायकांचा खरा प्रश्न आहे. प्रदर्शन नऊला बंद झालं तरी हिशेब, आवराआवर, माल झाकणं यात साडेनऊ-दहा वाजतातच. गाड्या असतात, पण दिवसासारख्या पाठोपाठ नाहीत, म्हणून मोबाइलवर एम-इंडिकेटर ॲपमध्ये वेळ बघून मगच आम्ही हॉलमधून निघतो. प्लॅटफॉर्मवर अर्धा तास बसण्यापेक्षा ते बरं. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, त्याच डब्यात बसायचं, आणि शेजारच्या स्टॉलवरच्या ठाण्या-डोंबिवलीच्या बायकांना धरून निघायचं. आम्ही गेल्या प्रदर्शनात पहिल्याच दिवशी विचारून पाच जणींचा गट केला. शेवटच्या दिवसापर्यंत एकटं कुणीच गेलं नाही.

रविवार. प्रदर्शनाला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक रविवारी, आणि मेगाब्लॉकही, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, रविवारीच. मध्य रेल्वेचं ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी येतं, ते वाचल्याशिवाय रविवारी घराबाहेर पडू नका. नीट बघा, ब्लॉक कुठे आहे: हार्बरवर की ठाणे-वाशी-नेरुळवर. हार्बरवर असेल तर ठाणेकरांचं सहसा काही बिघडत नाही, उलट मुंबईची माणसंच ठाण्यामार्गे येतात, आणि बहुतेक वेळा रेल्वे तशी परवानगीही जाहीर करते. ट्रान्स-हार्बरवर असेल तर ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचायचं आणि तो संपल्यावर निघायचं. स्टॉलवाल्याला तसंही दिवसभर थांबायचंच असतं. नुसतं बघायला जाणाऱ्याने त्या दिवशी ठाणे-बेलापूर रस्त्याची बस धरावी किंवा शनिवारी जावं. पावसाचा अनुभव मात्र चांगला आहे. कुर्ला-चुनाभट्टीला पाणी भरून हार्बर बंद पडते, तेव्हाही ट्रान्स-हार्बर बऱ्याचदा चालू असते. जुलैमधल्या एका मुसळधार दिवशी निम्मे स्टॉल रिकामे होते आणि आम्ही ठाण्याच्या बायका वेळेवर हजर होतो.

आता ज्या गोष्टीने मला खरंच वाईट वाटतं ती. एका प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत पार्किंगचा नकाशा पानभर होता, हायवेवरून कुठे वळायचं त्याचे बाण होते, आणि ट्रेनबद्दल खाली बारीक अक्षरांत फक्त "वाशी स्टेशनजवळ". कुठल्या मार्गाची गाडी, कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, चालत किती वेळ, एक अक्षर नाही. नवी मुंबई वसवताना रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. मानखुर्दहून खाडी ओलांडून १९९२ मध्ये लोकल वाशीला आली, त्याआधी इथे राहायला आलेल्यांना १९७३ च्या खाडीपुलावरून बसनेच मुंबई गाठावी लागायची. ठाणे-वाशी लोकल तर २००४ ची. लोकांना चालत स्टेशन गाठता यावं म्हणून ज्या शहराने एवढा पैसा ओतला, तिथल्या हॉलच्या पत्रिकेवर स्टेशनला एक ओळ धड मिळू नये? आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक हातात पिशवी घेऊन ट्रेननेच येतं. पार्किंगमध्ये अर्धा तास घालवून आलेला माणूस वैतागलेला असतो, चव बघायलाही थांबत नाही. मी त्या आयोजकांना भेटून सांगितलं, लिहूनही दिलं: हार्बर आणि ट्रान्स-हार्बर, वाशी स्टेशन, कुठल्या बाजूला उतरायचं, पायी दहा मिनिटं. पुढच्या पत्रिकेत ते छापलं. नकाशाच्या वर छापलं, ठळक अक्षरांत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी ठाण्याला गाडी बदलावी. दादर, घाटकोपरकडच्यांनी कुर्ल्याला हार्बर धरावी. उरणहून जानेवारी २०२४ पासून थेट लोकल आहे, ती नेरुळ किंवा बेलापूरला येते, तिथून वाशीकडची हार्बर घ्यायची. तळोजा-खारघरकडच्यांना नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो आहे, पण ती बेलापूरपर्यंतच, पुढे लोकल. पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच बस वाशीला हायवेवर थांबतात, तिथून रिक्षा करावी. बॅगा घेऊन हायवे ओलांडत चालत येऊ नका.