पाच रुपयांच्या तिकिटावरील नूतन

भारतीय टपाल खात्याने १३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या काळातील सहा अभिनेत्रींवर प्रत्येकी पाच रुपये दर्शनी किमतीची सहा तिकिटे काढली. देविकाराणी, काननदेवी, मीनाकुमारी, नूतन, लीला नायडू आणि तेलुगू-तमिळ पडदा गाजवणाऱ्या सावित्री या त्या सहाजणी. हा संच मी अलीकडेच नागपुरात, महाल भागातील जुनी नाणी, नोटा आणि तिकिटे विकणाऱ्या एका लहानशा दुकानातून विकत घेतला. मला खरे म्हणजे एकट्या नूतन यांचे तिकीट हवे होते. परंतु दुकानदार संच फोडायला तयार नव्हते आणि आता मागे वळून पाहता त्यांचा आग्रह माझ्या फायद्याचाच ठरला, कारण उरलेल्या पाचजणींशेजारी ठेवल्यावरच या तिकिटाचा अर्थ नीट कळतो.

वस्तू म्हणून संच समाधानकारक आहे. सहाही तिकिटांचे दाते शाबूत होते, मागचा गोंद अस्पर्श होता आणि दमट हवेत जुन्या कागदावर उमटणारे तपकिरी ठिपके भिंगातून पाहूनही आढळले नाहीत. तिकिटावर नाव, वर्ष आणि किंमत एवढेच असते. ही व्यक्ती कोणत्या चित्रपटांमुळे लक्षात राहिली किंवा तिला कोणते मान मिळाले, याची कोणतीही खूण त्या एवढ्याशा जागेत नाही, आणि ती असावी अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. पण त्यामुळे घडते असे की, नूतन यांची पाच रुपयांची किंमत आणि लीला नायडू यांची पाच रुपयांची किंमत शेजारीशेजारी उभ्या राहतात. एकीच्या नावावर दीर्घ कारकीर्द आणि पुरस्कारांची रांग आहे. दुसरीने मोजकेच चित्रपट केले, त्यांतला ‘अनुराधा’ हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा ठरला. पुरस्कारांच्या यादीत ज्यांची कधी गाठ पडली नसती, त्यांना टपाल खात्याने एकाच मापाने मोजले आहे. मला हे माप आवडले.

नूतन यांच्या पुरस्कारांकडे अंमळ थांबून पाहण्यासारखे आहे. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ या पाच चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यांपैकी पहिला १९५७ च्या सोहळ्यातला आणि शेवटचा १९७९ च्या. म्हणजे विशीत असलेल्या मुलीला जो मान मिळाला, तोच चाळिशी ओलांडलेल्या, विवाहित आणि आई झालेल्या बाईलाही मिळाला. त्या काळच्या हिंदी चित्रपटात नायिकेची उमेदीची वर्षे किती लवकर संपत, हे ध्यानात घेतले तर या बावीस वर्षांच्या अंतराचे मोल पाच या आकड्याहून अधिक वाटते. पुढे ‘मेरी जंग’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाच पुरस्कारांचा हा विक्रम दीर्घकाळ कोणालाही गाठता आला नव्हता. तो गाठला तो त्यांच्याच बहिणीच्या, तनुजा यांच्या मुलीने, काजोल यांनी, २०११ मध्ये, म्हणजे हे तिकीट निघाले त्याच वर्षी. २०२५ मध्ये आलिया भट्ट यांनी सहावा पुरस्कार मिळवून तो मागे टाकला.

असे असूनही नूतन यांच्या नावापुढे अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लागलेला नाही. याचा अर्थ परीक्षकांना त्यांचे काम दिसले नाही, असा लावण्याची घाई अनेकजण करतात. कारण बरेच साधे आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले ते चित्रपटांसाठी; नट-नटींसाठी स्वतंत्र पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आले आणि अभिनेत्रीचा पहिला मान ‘रात और दिन’साठी नर्गिस यांना मिळाला. ‘बंदिनी’ १९६३ चा. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून राष्ट्रीय गौरव मिळाला, पण ज्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर तो सगळा चित्रपट तोललेला आहे, तिला देण्यासाठी तेव्हा सरकारदरबारी पुरस्कारच नव्हता. बिमल रॉय यांच्या त्या चित्रपटातील विषप्रयोगाचा प्रसंग आठवून पाहावा: लोहारकामाचे घाव बाहेर पडत आहेत, ठिणग्यांचा उजेड चेहऱ्यावर येतो-जातो आणि ती बोलत काहीच नाही. चार वर्षे उशिरा आला असता तर याच कामाला कदाचित राष्ट्रीय पुरस्कारही लाभला असता. १९७४ च्या पद्मश्रीने ती उणीव काहीशी भरून काढली, एवढेच म्हणता येईल.

मीनाकुमारी यांची गोष्ट उलट टोकाची. १९५४ मध्ये फिल्मफेअरचा पहिलाच अभिनेत्री पुरस्कार त्यांना ‘बैजू बावरा’साठी मिळाला, दुसऱ्या वर्षीचाही ‘परिणीता’साठी त्यांनाच मिळाला आणि १९६३ च्या सोहळ्यात तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकने त्यांचीच होती. देविकाराणी यांच्याकडे १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार आहे, काननदेवी यांच्याकडे १९७६ चा. सावित्री यांच्या आयुष्यावर २०१८ मध्ये चित्रपट निघाला आणि त्यात त्यांची भूमिका करणाऱ्या कीर्ती सुरेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ व्यक्तीपेक्षा तिची नक्कल अधिक सन्मानित होण्याचा हा प्रकार मला नेहमीच जरा विचित्र वाटतो.

हा संच घेणाऱ्याने त्याच दुकानात आणखी दोन गोष्टी मागून पाहाव्यात, असे मी सुचवीन. पहिली म्हणजे मधुबाला यांचे २००८ चे तिकीट. ‘मुघल-ए-आझम’साठी नामांकन होऊनही त्यांना फिल्मफेअर कधीच मिळाला नाही; असे असताना त्यांच्यावर तिकीट निघाले ते या सहाजणींच्याही आधी. दुसरी म्हणजे भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी निघालेल्या पन्नास तिकिटांपैकी स्मिता पाटील यांचे तिकीट. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ ची पद्मश्री एवढे सगळे त्यांना वयाच्या तिशीपर्यंत मिळाले होते. त्यांतला ‘भूमिका’ हा आपल्या मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरचा, त्यामुळे मराठी माणसाला हे तिकीट जास्त जवळचे वाटेल. टपाल खाते सहसा हयात व्यक्तीवर तिकीट काढत नाही. सचिन तेंडुलकर यांच्यासारखे अपवाद थोडेच. साहजिकच हा मान कोणत्याही सोहळ्यात मंचावर जाऊन घेता येत नाही. नूतन १९९१ मध्ये गेल्या आणि तिकीट वीस वर्षांनी आले.

आता दुकानाविषयी. मालक जाणकार आहेत, तिकिटाला बोट लागू देत नाहीत, चिमट्याने उचलून काळ्या पुठ्ठ्यावर ठेवतात आणि ‘भाऊ, आधी उजेडात मागची बाजू बघून घ्या, मग बोलू’ असे सांगतात. ही सचोटी दुर्मीळ आहे. परंतु किमती कोठेही लिहिलेल्या नाहीत. तीस रुपये दर्शनी किमतीच्या संचासाठी मी त्याच्या कित्येक पट रक्कम मोजली आणि घासाघीस केल्यावर ती थोडी उतरलीही, याचा अर्थ पहिला आकडा फार विचारपूर्वक सांगितलेला नव्हता. सिव्हिल लाइन्समधील मुख्य डाकघरात नवीन तिकिटे दर्शनी किमतीतच मिळतात, तेव्हा पुढे निघणारी विशेष तिकिटे तिथूनच घेणे शहाणपणाचे. २०११ चा संच मात्र आता अशा दुकानांतूनच शोधावा लागतो.

साठवणुकीविषयी एक सूचना आवश्यक आहे. नागपूरच्या मे महिन्यात गोंदाची बाजू आक्रसून तिकीट गुंडाळते आणि पावसाळ्यात तोच गोंद शेजारच्या पानाला चिकटतो. दुकानातील साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात संच तसाच ठेवू नये. खाचांचा अल्बम घ्यावा, तो उभा ठेवावा आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवणे टाळावे. चौकट करून दिवाणखान्यात लावण्याचा मोह होईल, पण उन्हाने रंग उडतो. ज्यांना लावायचेच आहे त्यांनी प्रथम दिवसाचे आवरण, म्हणजे तिकीट निघाल्याच्या दिवशीचा तिकीट लावलेला लिफाफा, शिक्क्यासह घ्यावे, ते बहुधा स्वस्तही पडते, आणि कोरा संच अल्बममध्येच राहू द्यावा.