संविधान सभेच्या चर्चा वाचण्यासाठी एक उत्तम संकेतस्थळ

बंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने उभारलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट’ या संकेतस्थळावर डिसेंबर १९४६ ते जानेवारी १९५० या काळातील संविधान सभेच्या चर्चा तारखेनुसार विनामूल्य वाचता येतात. परिच्छेदांना क्रमांक दिलेले असल्याने संदर्भ देणे सोपे जाते. परंतु या सुविधेपेक्षाही मला मोलाचे वाटते ते हे की, ज्यांच्या सूचना फेटाळल्या गेल्या त्यांचे म्हणणेही येथे पूर्णपणे वाचायला मिळते.

१७ ऑक्टोबर १९४९ चे कामकाज पाहावे. संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध केला. श्रद्धा ही प्रत्येकाची व्यक्तिगत बाब असून ती सर्वांवर लादली, तर उद्देशिकेतच दिलेल्या श्रद्धास्वातंत्र्याच्या वचनाला बाध येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ईश्वराविषयी मतदान करण्याच्या अवघड प्रसंगातून सभेला वाचवावे, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना केली. तरीही मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती नामंजूर झाली. श्रद्धाळू एका बाजूला आणि अश्रद्ध दुसऱ्या बाजूला, ही सोयीची विभागणी हे कामकाज वाचल्यावर टिकत नाही, कारण येथील विरोध ईश्वराला नव्हता, सक्तीला होता.

मनुष्यस्वभावाविषयीचे सर्वांत परखड चिंतन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आहे. राबवणारे लोक वाईट निघाले तर चांगले संविधानही वाईट ठरेल आणि राजकारणातील भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनी संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्याच दिवशी बजावले. ही वाक्ये आपल्याकडे सुटी-सुटी फार उद्धृत होतात. पूर्ण भाषणात मात्र त्यांच्या जोडीला सामाजिक समतेचा युक्तिवाद आहे आणि त्याच्याविना ती अपुरी राहतात.

मूळ चर्चा बहुतांशी इंग्रजीत आहेत, शिवाय कलमांच्या तपशिलाची काही सत्रे रुक्ष आहेत, त्यामुळे शाळकरी वाचकाला शिक्षकाची सोबत लागेल. शोधसुविधेत एखादा शब्द टाकून थांबण्यापेक्षा एका दिवसाचे संपूर्ण कामकाज सलग वाचावे. सुरुवातीला ४ नोव्हेंबर १९४८ चे, म्हणजे आंबेडकरांनी मसुदा मांडला त्या दिवसाचे, घ्यावे.