वायफाय ६ई की ७, नव्या लॅपटॉपमध्ये कोणतं?
कागदावर ६ई वाला लॅपटॉप २४०२ एमबीपीएस आणि ७ वाला ५७६४, पण ही नुसती लिंक स्पीड झाली, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधल्या वायरलेस जोडणीचा कागदी वेग. आणि ७ चा आकडा तर ६ गिगाहर्ट्झ बँडवर ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल मिळाला तरच, १६० वर ७ पण २८८२ लाच अडकतं. हे आकडे दोन अँटेनांचे आहेत, लॅपटॉपमध्ये अँटेना बहुतेक दोनच असतात ना, राउटरच्या डब्यावर काहीही आकडा छापलेला असू दे. आणि राउटरचा पोर्ट १ गिगाबिटचा असेल तर नेटसाठी दोन्ही सारखेच, ९४० च्या आसपास थांबणार. नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर) मोठ्या फाइल्स टाकताय आणि तिथे २.५ गिगाबिट पोर्ट आहे? मग ७ घ्या, नाहीतर ६ई बस्स झालं. फक्त लॅपटॉपचं वायफाय कार्ड बोर्डवर सोल्डर केलेलं (कायमचं जोडलेलं) नाही ना ते बघा, तसं असेल तर नंतर बदलता येत नाही.