ब्रुअरीचं वर्ट, घरची बिअर: आठ महिने आणि चार बादल्यांनंतर

ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आहे. घरी बिअर करणाऱ्यांना ती अधूनमधून वर्ट फुकट देते. वर्ट म्हणजे मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळलेला; यीस्ट पडायच्या आधीची बिअर. आपली धुतलेली बादली न्यायची आणि पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर, भरून आणायचं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दारू गाळतोस की काय?" गाळत नाही गं, आंबवतो. गाळायला इथेही परवाना लागतो. बिअरला मात्र १९७८ च्या कायद्याने मोकळीक आहे: घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही.

यात वेळ खूप वाचतो. धान्यापासून सुरुवात केली की शनिवारचे पाच-सहा तास जातात, वर ती भलीमोठी पातेली घासा. इथे तासाभरात काम संपतं. फक्त बादली वीस किलोची होते, आणि झाकण सैल राहिलं तर गाडी आठवडाभर चिकट. विचारू नका.

पहिल्या खेपेला शेजाऱ्याने आणि मी एकाच टाकीतून भरलं. दोघांची सुरुवातीची घनता १.०५२ (पाण्याची १; यीस्ट साखर खातं तशी ती उतरते). मी यूएस-०५ हे नेहमीचं एल यीस्ट टाकून तळघरात १८ अंशांवर ठेवलं. त्याने सेझाँचं (बेल्जियमकडच्या एका कोरड्या बिअरचं) यीस्ट घालून बादली तापलेल्या गराजमध्ये सोडून दिली. माझी १.०१२ वर थांबली, सव्वापाच टक्के अल्कोहोलची साधी, स्वच्छ पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर. त्याची १.००४ पर्यंत उतरली. कोरडी ठणठणीत, मिरीच्या वासाची. दूध एकाच गोठ्यातलं, विरजण निराळं. खरं सांगायचं तर त्याची जास्त चांगली झाली होती.

दुसऱ्या खेपेला घरात यीस्टच नव्हतं. उकळलेलंच आहे, दोन दिवसांत काय होतंय, असं वाटलं. पण थंड झालेलं वर्ट म्हणजे जंतूंना आयतं पंचपक्वान्न. त्यांना अडवायला त्यात अल्कोहोलही नसतं. शिजलेल्या कोबीचा वास आला. १९ लिटर मोरीत. दोष द्यायलाही कुणी नाही, कारण त्याच टाकीतल्या बाकीच्यांच्या बिअर उत्तम झाल्या होत्या.

तिसरी ठीकठाक. चौथीत डब्यातले १५ ग्रॅम धने ठेचून आणि संत्र्याची साल घातली, बेल्जियन विट बिअरसारखी, म्हणजे गव्हाच्या बिअरसारखी. वर्टमध्ये गहू नव्हता, त्यामुळे तो मऊपणा आला नाही, पण वास झकास.

तक्रारी दोन. वर्ट कुठल्या प्रकारचं मिळणार हे आपल्या हातात नाही, आणि निरोप दोन दिवस आधी येतो. तेव्हा धावपळ होते.

म्हणून पाचव्या बादलीसाठी यीस्टची दोन पाकिटं फ्रिजमध्ये आत्ताच आणून ठेवली आहेत, लोणच्याच्या बरणीमागे. वर मराठीत चिठ्ठी: हलवू नये.