जेडीएम प्रोग्रामर तपासायला पिवळा ८३० मीटर: ५ पैकी ४

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलं पिक १६एफ८४ए या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी जेडीएम प्रोग्रामर (सीरियल पोर्टवरून चिपमध्ये प्रोग्राम भरणारा छोटा बोर्ड) स्वतः सोल्डर करून आणतात आणि मग, "मॅडम, चिप वाचतच नाहीये!" अशा वेळी मी आधी चिप काढायला लावते आणि बिनब्रँडचा पिवळा ८३० मल्टिमीटर हातात देते. या कामाला ऑसिलोस्कोप लागत नाही. आयसी-प्रॉग या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरच्या हार्डवेअर चेकमध्ये टिक केलेली सिग्नल लाइन तशीच धरून ठेवली जाते, त्यामुळे सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलणारा मीटरसुद्धा पुरतो.

नॉब २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब कॉम्प्युटरच्या ग्राउंडला लावायची नाही, इथेच सगळे अडकतात. जेडीएममध्ये पोर्टचं ग्राउंड चिपच्या व्हीडीडीला, म्हणजे पुरवठ्याच्या धन टोकाला, १४ नंबरच्या पिनला जातं. व्हीएसएस, म्हणजे चिपचं स्वतःचं ग्राउंड (५ नंबरची पिन), त्याच्या ५ व्होल्ट खाली असतो. म्हणून काळी प्रोब सॉकेटच्या ५ नंबरला. मग १४ वर ५ व्होल्ट, एमसीएलआर (रीसेटची पिन, प्रोग्रामिंगचं जास्त व्होल्टेज इथेच येतं) टिक केल्यावर ४ वर १३ च्या आसपास, आणि क्लॉक, डेटा टिक करू तसे १२ व १३ नंबर वर-खाली व्हायला हवेत.

यंदा एका मुलाच्या बोर्डवर ४ नंबरला जेमतेम ९ दिसत होते. तो ८.२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरवणारा डायोड) बदलायला निघाला होता. तोच बोर्ड लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपच्या सीरियल पोर्टला लावला, तर १३ च्या वर! बोर्ड चोख होता. त्याच्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीरियल केबलमधून पुरेसं व्होल्टेजच येत नव्हतं. एवढं निदान या स्वस्त मीटरने केलं, म्हणून तो मला मनापासून आवडतो.

एक गुण कापला तो प्रोबसाठी. टोकं जाड आहेत, शेजारच्या पिनला टेकतात. सॉकेटमध्ये सिंगल स्ट्रँड तारेचा तुकडा खोचून त्याला क्रोकोडाइल क्लिप लावा. ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे वाढीव येतात, तेव्हा १३ तपासण्याआधी डिस्प्लेवर बॅटरीची खूण नाही ना, ते बघा.

मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याच नगांत फ्यूजच नसतो. घरातल्या २३० व्होल्टला हा मीटर मी मुलांना लावू देत नाही.