पाठीवर जॉर्ज कोस्टा, नंबर २: धोबी तलावात करून घेतलेली जर्सी

लेकाच्या सोळाव्या वाढदिवसाला त्याने एकच गोष्ट मागितली होती. पोर्तो या पोर्तुगीज फुटबॉल क्लबची निळी-पांढरी पट्ट्यांची जर्सी, पाठीवर त्यांचा जुना कप्तान जॉर्ज कोस्टा याचं नाव आणि २ नंबर. ती हातात पडायला दोन दुकानं आणि सव्वा महिना गेला, म्हणून सविस्तर लिहितेय. जुन्या खेळाडूच्या नावाची जर्सी करून घ्यायची असेल तर कुणाला तरी उपयोग होईल.

कोस्टा आमच्या घरात आला तो अंधेरीतून. डिसेंबर २०१८ मध्ये जोगेश्वरीहून रिक्षाने अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला मुंबई सिटी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स हा फुटबॉल सामना बघायला गेलो होतो. मुंबईने ६-१ ने धुतलं, एकट्या मोदू सुगूचे चार गोल. सगळं स्टेडियम सुगूच्या नावाने ओरडत होतं आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा मात्र टचलाइनवर उभ्या असलेल्या मुंबईच्या दांडग्या कोचकडे बघत होता. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "बाळा, हा चॅम्पियन्स लीग जिंकलेला कप्तान आहे." घरी येऊन त्याने व्हिडिओ शोधला. २६ मे २००४, गेल्सेनकिर्खेन, पोर्तो ३, मोनॅको ०, आणि कप उचलणारा तोच माणूस. "आई, हा आपल्या अंधेरीत काय करतोय?" असं त्याने मला तीनदा विचारलं. तेव्हापासून लेक शाळेच्या टीमकडून स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, खेळतो. त्याआधी सगळ्या पोरांसारखं त्यालाही फॉरवर्डच व्हायचं होतं.

त्याच सीझनला सेमीफायनलमध्ये गोव्याने आम्हाला आमच्याच मैदानावर ५-१ ने हरवलं. तीन दिवसांनी गोव्यात, फातोर्ड्याला, मुंबई १-० ने जिंकली, पण दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज धरतात, त्यामुळे तोवर हातातून गेलं होतं. पुढच्या वर्षी पाचवा नंबर आला, प्लेऑफ हुकला आणि २०२० मध्ये कोस्टा गेले. ५ ऑगस्ट २०२५ ला पोर्तोच्या ओलिव्हालच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांचं हृदय बंद पडलं. वय अवघं ५३. क्लबचे फुटबॉल डायरेक्टर होते तेव्हा. लेक क्लासवरून आला आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून खुर्चीत बसून राहिला. मी पोळ्या करत होते. गॅस बंद करून त्याच्याशेजारी जाऊन बसले.

आता जर्सीचं. पहिली ऑर्डर एका ऑनलाइन दुकानाला दिली. बारा दिवसांनी पाकीट आलं, आत जर्सी पोर्तोचीच, पण पाठीवर डिओगो कोस्टा, ९९. तो पोर्तोचा आत्ताचा गोलकीपर. गुणी मुलगा आहे, पण मी मागितला होता तो हा नव्हे. तक्रार केली तर चॅटवर उत्तर आलं, "मॅडम, कोस्टाच आहे ना?" पैसे परत मिळायला आणखी दोन आठवडे गेले.

मग ऑफिसमधल्या एकाने धोबी तलाव सुचवलं. मेट्रो सिनेमाच्या आसपासची स्पोर्ट्सची दुकानं मुंबईकरांना माहीतच आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत दीड गाळ्याचं दुकान आहे, बाहेर कॅरम बोर्ड टांगलेले, आत पोटमाळ्यावर हीट प्रेसचं मशीन. नाव इथे लिहीत नाही, कारण मालक काकांनीच नको म्हटलं. छापायला ते एकटेच, शाळांच्या टीमची कामं आधीच अंगावर आहेत.

काकांनी आधी काही दाखवलं नाही. पेन घेतलं, वहीत टी-शर्टचा आकार काढला आणि विचारलं, "नाव पूर्ण की नुसतं आडनाव? आणि खेळायचा कुठे?" मी म्हटलं, डिफेंडर. तर पेन खाली ठेवून म्हणाले, "वीस वर्षांत डिफेंडरच्या नावाने जर्सी करायला आलेल्या तुम्ही तिसऱ्या. सांगा जरा त्याच्याबद्दल."

मशीन तापेपर्यंत मी सांगत बसले. जन्म पोर्तोचाच, १९७१ चा. वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये १९९१ साली लिस्बनला फिगो, रुई कोस्टा यांच्याबरोबर जिंकला. पोर्तोकडून आठ वेळा लीग जिंकली, त्यातल्या पाच सलग, १९९५ ते १९९९. देशासाठी ५० सामने. गुडघ्याने त्याला किती वेळा बाहेर बसवलं, तरी परत यायचा. तिकडचे लोक त्याला 'बिशू' म्हणायचे, म्हणजे जनावर, तेही कौतुकाने. २००१ मध्ये कोचशी बिनसलं, बदली करून बाहेर काढलं तेव्हा त्याने कप्तानाचा पट्टा फेकून दिला. मग रवानगी इंग्लंडला, चार्ल्टनला. तिथे तो 'टँक' झाला. मोरिन्यो पोर्तोचे कोच म्हणून आले, त्यांनी परत आणला, पट्टाही परत बांधला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच पट्ट्यासकट यूएफा कप आणि चॅम्पियन्स लीग. २००४ ची ती बचावफळी माझ्या लेकाला झोपेतही पाठ आहे: पाउलो फरेरा, जॉर्ज कोस्टा, रिकार्डो कार्व्हाल्यो, नुनो व्हालेंट, मागे गोलकीपर बाइया.

आणि एक गोष्ट काकांना सांगितली ती इथेही सांगते. मागच्या वर्षी आंतरशालेय सामन्यात लेकाचा सेल्फ गोल झाला. टीम हरली, हा दोन दिवस जेवेना. तेव्हा मी त्याला २००२ च्या वर्ल्ड कपचा पोर्तुगाल-अमेरिका सामना दाखवला. अमेरिका ३-२ ने जिंकली आणि त्यातला एक गोल जॉर्ज कोस्टाच्या अंगाला लागून आत गेला होता. क्रॉस अडवायला तिथे होता, म्हणूनच त्याला लागला. पोराने ते चार वेळा मागे नेऊन बघितलं आणि मग वरणभात मागितला.

काका म्हणाले, "म्हणजे कप्तानाचा पट्टा पण करावा लागेल."

कामाची जात इथे कळते. कापड जाड विणीचं डॉटनिट, घाम धरून ठेवत नाही. जर्सीवरचे निळे-पांढरे पट्टे सब्लिमेशनचे, म्हणजे उष्णतेने शाई कापडात उतरवलेले, त्यामुळे हाताला लागत नाहीत, कापडात मुरलेले आहेत. पण पट्ट्यांवर थेट नंबर छापला तर दुरून वाचता येत नाही. काकांनी आधी कागदाचा २ कापून पाठीवर ठेवला, मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि ओरडून विचारलं, "दिसतोय?" नव्हता दिसत. मग मधोमध सपाट निळा चौकोन दिला आणि त्यावर पांढरा २. नाव दोन्ही शब्दांत, जॉर्ज आधी, नाहीतर परत ९९ वाल्याशी घोटाळा. एका अक्षराची कड किंचित उचलली गेली होती, मला दिसलीही नव्हती. त्यांनी ते सोलून दुसरं लावलं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

क्लबचं बोधचिन्ह मात्र छापून देत नाहीत, कितीही सांगा. ते क्लबच्या मालकीचं आहे, आपलं नाही, असं सरळ म्हणाले. छातीवर ड्रॅगन नाही याचं लेकाला थोडं वाईट वाटलं, मला काकांचं पटलं. हुबेहूब जर्सी हवी असेल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही.

जर्सी अकराशे पन्नास, कप्तानाचा पट्टा ऐंशी. चार दिवस म्हणाले होते, चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. उलटी करून गार पाण्यात धुवा, इस्त्री छपाईवरून फिरवू नका. सहा धुण्यांनंतर रंग तसाच आहे, नंबरला एकही चीर नाही. बाह्या थोड्या आखूड बसल्यात, तेव्हा वाढत्या पोरासाठी एक साइज मोठीच सांगा.

पट्ट्याचं इलॅस्टिक सैल निघालं. लेकाचे दंड अजून कोस्टासारखे नाहीत, धावताना कोपरापर्यंत घसरतो. काकांना फोन केला तर म्हणाले, शनिवारी घेऊन या आणि मुलालाही आणा, दंडाचं माप घेऊन शिवतो. दुकान रविवारी बंद असतं, इतर दिवशी दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली, पण हाक मारली की उघडतात.