हॅना केएच चेकर (एचआय ७७२) : स्टोनी कोरल ठेवणार असाल तर लाईटच्या आधी हे घ्या

समुद्री पाण्याच्या टँकमधे स्टोनी कोरल, म्हणजे कडक सांगाडा बांधणारं प्रवाळ, म्हटलं की लोक आधी लाईटवर भरपूर खर्च करतात आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, म्हणजे अल्कलिनिटी) कशाने मोजायचा ते सगळ्यात शेवटी बघतात, मला विचाराल तर हे उलटं पाहिजे. हॅना कंपनीचा हा चेकर, म्हणजे छोटं डिजिटल मीटर, मी बरेच महिने वापरतोय, मुठीत मावतो, एका ट्रिपल ए सेलवर चालतो आणि आकडा थेट डीकेएच या केएचच्या एककात दाखवतो.

केएचच का, तर अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, हॅमर, टॉर्च हे सगळे स्टोनी कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात, पण या कामात केएच १ ने खाली येतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम (दहा लाखात ७ भाग) उतरतं, म्हणजे ४२० चं ४१३, आणि घरच्या किटवर एवढा फरक कळतच नाही. ८ चा केएच ७ झाला तर मात्र लगेच दिसतं. आणि उलटं पण लक्षात ठेवा, डोसिंग (केएच टिकवायला टाकायचं द्रावण) तेवढंच असताना केएच अचानक वर जायला लागला तर कोरलची वाढ थांबली असण्याची शक्यता खूप, अशा वेळी अ‍ॅक्रोपोराची टोकं नीट बघा, पांढरी पडायला लागलीत का ते.

टेस्ट एकदम सोपी आहे. काचेच्या बाटलीत टँकचं १० मिली पाणी घेऊन ती मशीनमधे ठेवायची, बटण दाबून झिरो करायचं, मग बाहेर काढून १ मिली रिएजंट (रंग आणणारं रसायन) टाकून पाच वेळा हळू उलटीसुलटी करायची, परत आत ठेवून बटण दाबायचं. थेंबवाल्या किटमधे रंग नक्की कधी बदलला हे ठरवण्यात जीव जातो, त्यात रात्री टँकचा निळा लाईट चालू असेल तर संपलंच, इथे रंग मशीन वाचतं.

पण हात नीट पाहिजे. बाटली जोरात हलवली की काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात आणि आकडा चुकतो, म्हणून बाटली थोडी तिरकी करून बोटाने टिचकी मारायची, बुडबुडे वर गेले की बाहेरून मऊ कापडाने पुसायची, बोटांचे ठसे राहता कामा नयेत. सिरिंजच्या टोकाला हवा अडकली तर रिएजंट कमी पडतं, तेही बघा. झाल्यावर आरओ डीआय म्हणजे क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याने धुऊन ठेवायची, नाहीतर मिठाचे डाग बसतात.

अचूकतेचं म्हणाल तर कंपनी स्वतःच अधिक उणे ०.३ आणि वर रीडिंगच्या ५ टक्के सांगते, म्हणजे ८ ला साधारण ०.७ इकडेतिकडे होऊ शकतं. त्यामुळे काल ८.१ आणि आज ८.३ आलं म्हणून लगेच डोस बदलायला जाऊ नका, रोज एकाच वेळी मोजा, लिहून ठेवा आणि आठवड्याचा कल बघा. वाढवायचाच असेल तर दिवसाला १ डीकेएचच्या आतच, कोरलला कमी केएचपेक्षा झटका जास्त बाधतो.

खर्च खरा रिएजंटचा आहे, एका बाटलीत २५ टेस्ट, रोज केली तर महिनाही पुरत नाही. नवी बाटली फोडली की जुनीतलं थोडं शिल्लक ठेवून एकाच पाण्यावर दोन्ही तपासा. ऑर्डर देताना नंबर बघून द्या, एचआय ७५५ दिसायला असाच आहे पण तो पीपीएममधे दाखवतो, मग १७.९ ने भागत बसावं लागतं.

मी न्यू जर्सीत राहतो, इथे टँकमधेच वाढवलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) रीतसर मिळतात. भारतात स्टोनी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने, त्यामुळे मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसलेलं प्रवाळ तिथेच राहू द्या, तुटून पडलेला तुकडा पण उचलू नका.

ज्यांच्याकडे नुसते झोआ आणि मशरूम (कडक सांगाडा नसलेले कोरल) आहेत त्यांना याची गरज नाही, साधी थेंबवाली किट आठवड्यातून एकदा वापरली तरी भागतं, उरलेले पैसे टँकच्या चांगल्या समुद्री मिठावर घाला.